सातव्या गटातली माणसं

चांगली गिऱ्हाइकं अचानक यायची का थांबतात, एवढंच आफरीनला शोधायचं होतं.

मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्या घरांपैकी तिचं एक घर. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, मुबारकने, कारखाना सांभाळला आणि तिला शिकवलं. ती सांगलीहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आली आणि तिने भावाच्या मालाची वेबसाइट काढली. आता निम्म्याहून जास्त माल वेबसाइटवरून जायचा. टोरांटोत सतार शिकणारी मुलगी असो की बेळगावचा एखादा गायक, तारा, बोटात घालून सतार छेडायच्या नख्या, खुंट्या, अख्खे तंबोरे, सगळं मिरजेतून कुरिअरने निघायचं. मुबारक जवारी काढायचा. म्हणजे तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानसेने असा घासायचा, की तार नुसती वाजायची नाही, गुणगुणायची. तिथे केसाएवढं कमी-जास्त झालं की आवाज बसतो. हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. बाकीचा व्यवहार आफरीनकडे होता.

वेबसाइटवर कोण येतं, कुठून येतं, कुठल्या पानावर रेंगाळतं आणि कुठून परत जातं हे सांगणारी साधनं तिने सुरुवातीपासून वापरली होती. त्यांच्यामुळेच तिला कळलं होतं की तंबोऱ्याचा आवाज ऐकवला की माणसं थांबतात, आणि कुरिअरचा खर्च शेवटच्या पानावर दाखवला की पळून जातात. मग दोन वर्षांपूर्वी ‘पारख’ आलं.

पारख जुन्या साधनांसारखं फक्त क्लिक मोजत नव्हतं. नव्या फोनच्या काचेला बोटाचा दाब कळायचा. बोट काचेवर किती जोराने टेकलं, एका जागेवरून दुसरीकडे सरळ गेलं की वळसा घेऊन, दोन अक्षरांच्या मध्ये किती थांबलं, चुकलेलं अक्षर किती वेळाने खोडलं, हे सगळं पारख टिपायचं. प्रत्येक माणसाच्या चालण्याला जशी एक लकब असते तशी बोटालाही असते. पारख लाखो लोकांच्या लकबी एकमेकींशेजारी ठेवायचं, सारख्या वाटतील त्या एका गटात टाकायचं, आणि त्या गटातली माणसं पुढे काय विकत घेतात ते बघत राहायचं. ती तसं का वागतात हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. कोणाला, कधी, कुठल्या शब्दांत काय दाखवलं की तो घेतो, एवढं त्याला शिकायचं होतं, आणि ते शिकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आफरीनच्या वेबसाइटवर येणाऱ्यांचे पारखने बारा गट केले होते. सगळ्यात मोलाचा सातवा. सातव्या गटातला माणूस आधी नख्या बदलायचा. जाड घ्यायचा, मग पातळ, मग पुन्हा जाड. काही महिन्यांनी तारांचे संच मागवायला लागायचा, एकामागून एक. मग वाद्य जवारी काढायला पाठवायचा. शेवटी नवी सतार घ्यायचा. पारखने हे ओळखलं होतं आणि या गटासाठी पानावर आपोआप वेगळा मजकूर यायचा. ‘हात तोच, पण वाद्य साथ देत नाही असं वाटतंय? तारांचंही वय होतं.’ हे वाक्य आफरीनने लिहिलेलं नव्हतं. पारखने शेकडो वाक्यं दाखवून बघितली आणि सर्वांत जास्त विक्री करणारं ठेवलं.

त्या दोन वर्षांत शेड वाढवली, दोन नवे कारागीर आले. मुबारक नातेवाइकांना अभिमानाने सांगायचा की आमची पोरगी परदेशातल्या माणसाच्या मनातलं मिरजेत बसून वाचते.

पण नवी सतार घेतल्यावर सातव्या गटातला माणूस परत येत नसे. तारा नाहीत, नखी नाही, काही नाही. आफरीनला वाटलं, माल खराब जातोय की काय. एका शनिवारी दुपारी तिने अशा गिऱ्हाइकांची नावं काढली आणि सरळ फोन लावायला सुरुवात केली.

इंदूरला एका मुलीने फोन घेतला. सतार उत्तम आहे, पेटीतच आहे, म्हणाली. बाबांच्या हाताला कंप सुटला, आता वाजवता येत नाही. आफरीनने वाईट वाटल्याचं सांगून फोन ठेवला. धारवाडचे गृहस्थ स्वतः बोलले, अगदी हळू आवाजात, एका सुरात. त्यांनाही कंपवात झाला होता. ठाण्याच्या बाईंचा नवरा म्हणाला की निदान होऊन सहा महिने झाले, ती आता चमचासुद्धा दोन्ही हातांनी धरते. चौथ्या घरीही तेच उत्तर मिळालं.

तिने पुढची नावं तशीच ठेवली आणि कंपवाताबद्दल मिळेल ते वाचत बसली. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो. हालचाल सुरू करायची, वेग धरायचा, थांबायचं, यासाठी लागणारं रसायन त्या पेशी तयार करतात. या आजारात त्या हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. त्याच्या आधी कित्येक वर्षं बारीकसारीक बदल होत असतात. अक्षर लहान होतं, वास येईनासा होतो, बोटं किंचित मंदावतात. इतकी किंचित, की ते घरच्यांना कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही आणि ज्याची बोटं आहेत त्यालाही कळत नाही.

पारखला कळत होतं. त्याने त्याला आजार म्हटलं नव्हतं, गट सात म्हटलं होतं. त्या माणसांना फक्त एवढंच जाणवत असणार की झाला, म्हणजे शेवटचा जलद भाग, वाजवताना उजवा हात पूर्वीसारखा पळत नाही. आयुष्यभर ज्या हातावर विश्वास ठेवला त्या हातावर कोण संशय घेईल? ते नखीवर संशय घेत होते, तारेवर, जवारीवर. आणि आफरीनची वेबसाइट त्यांना सांगत होती की तुमचा संशय बरोबर आहे.

सोमवारी तिने पारखच्या पुण्याच्या ऑफिसात फोन केला. तिचं खातं बघणारी मृणाल काळसेकर नावाची मुलगी होती, बोलायला गोड आणि कामाला चोख. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, आम्ही कोणाच्याही तब्येतीचा अंदाज बांधत नाही. कायद्याने ते करता येत नाही. आमच्याकडे फक्त खरेदीच्या सवयींचे गट आहेत.”

“पण तो गट आजारी माणसांचा आहे.”

“हे तुम्ही म्हणताय. चार फोनवरून.”

आफरीनने विचारलं की निदान त्या माणसांना कळवता येईल का. मृणालने समजावलं की तेच तर बेकायदेशीर ठरेल. परवानगीशिवाय कोणाला तुम्हाला अमुक आजार आहे असं सांगणं म्हणजे त्याच्या आरोग्याची माहिती काढल्याची कबुली. तो गट बंद केला तर? तर इतर गट पुन्हा जुळवले जातील आणि तीच माणसं दुसऱ्या कुठल्यातरी आकड्याखाली येतील, कारण त्यांची बोटं तशीच राहणार. शेवटी मृणालचा आवाज थोडा खाली आला. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही वाद्यं विकता आणि गिऱ्हाइकांना स्वतः फोन करता. तुम्हाला दिसलं. पेनं विकणारे, चष्मे विकणारे, शिवणयंत्रं विकणारे, सगळ्यांकडे हा गट असणार. मला याहून जास्त बोलता येत नाही.”

आफरीनने माहिती संरक्षणाच्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली. उत्तर आलं की ज्याची माहिती वापरली गेली त्याने स्वतः अर्ज करावा. ज्यांनी अर्ज करायचा त्यांना तर अजून काही माहीतच नव्हतं.

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून श्रीनिवास हर्डीकरांची सतार जवारीसाठी आली. हर्डीकर साठीच्या आतबाहेरचे, सतार शिकवायचे, मुबारकचे जुने गिऱ्हाईक. मुबारकने सतार मांडीवर घेतली, तारा छेडल्या, घोडी उजेडाला धरून बघितली आणि बहिणीला हाक मारली. जवारी मागच्याच वर्षी काढली होती आणि ती अजून जशीच्या तशी होती.

“सतारीत काही नाही,” तो म्हणाला. “मी काय काढू?”

आफरीनने आत जाऊन बघितलं. हर्डीकर सातव्या गटात होते. वर्षभरात नख्या झाल्या होत्या, तारा झाल्या होत्या, आणि सकाळीच पारखने त्यांना नव्या सतारीची जाहिरात पाठवली होती. त्यांनी ती उघडून बराच वेळ बघितली होती.

दुरुस्त न केलेली सतार परत द्यायला ती स्वतः कोल्हापूरला गेली. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी मेधाताईंनी, हर्डीकरांच्या पत्नीने, चहा ठेवला. हर्डीकरांनी लगेच सतार जुळवून वाजवायला घेतली. आलाप सुरेख होता. मग त्यांनी झाला वाजवायला घेतला आणि आफरीनला ऐकू आलं. लय धरली होती, पण उजवा हात मध्येच मागे पडायचा आणि मग घाईने पुढे यायचा. हर्डीकर थांबले आणि मान हलवत म्हणाले की नाही, मुबारकभाईंनी नीट बघितलेलं दिसत नाही, ही तार अजून जडच आहे. जानेवारीत त्यांचा कार्यक्रम होता, बऱ्याच वर्षांनी. त्याच्या आधी नवी सतारच घेऊन टाकावी असं त्यांच्या मनात होतं.

येताना गाडीत आफरीनने पुष्कळ तयारी केली होती. तिला वाटलं होतं की हळूहळू विषय काढावा, पण त्यांनी नवी सतार म्हटल्यावर ती सरळच बोलून गेली. “सर, नवी सतार घेऊ नका. तार जड नाहीये. एकदा मेंदूच्या डॉक्टरांना हात दाखवा.”

हर्डीकरांनी विचारलं की हे मुबारकभाईंनी सांगितलं का. ती नाही म्हणाली. मग कोणी? तिने पारखबद्दल सांगितलं, जमेल तेवढं. त्यांनी सतार बाजूला ठेवली. त्यांना राग आला नव्हता. परक्या माणसाने आपल्याला उघडं बघावं तसे ते संकोचून बसले होते. मेधाताई दारात कप घेऊन उभ्या होत्या. आफरीन चहा न घेताच निघाली.

दीड महिन्याने मेधाताईंचा फोन आला. तपासण्या झाल्या होत्या. आजार अगदी सुरुवातीला सापडला असं डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर सहसा सापडत नाही. आफरीनला क्षणभर बरं वाटलं. तिने विचारलं, मग आता उपचार?

“थांबवणारं औषध नाही अजून,” मेधाताई म्हणाल्या. “त्रास वाढला की कमी करायच्या गोळ्या आहेत. आत्ता चाला, व्यायाम करा म्हणाले. आणि म्हणाले की वाजवणं सोडू नका, दोन-तीन वर्षं तरी काही कळणार नाही कोणाला. पण ह्यांनी त्या दिवसापासून सतारीला हात लावलेला नाही. कार्यक्रम रद्द केला. शिष्यांना नको म्हणून सांगितलं. दिवसभर हात पुढे धरून बघत बसतात. तुम्ही वाईट हेतूने नाही सांगितलंत, मला माहीत आहे. पण आमची ती दोन-तीन वर्षं होती हो. ती तुम्ही घेतलीत.”

आफरीनने त्यानंतर कोणालाही फोन केला नाही.

हिवाळा संपता संपता पारखची नवी आवृत्ती आली. प्रत्येक दुकानदार आपल्या ऑफिसातले फोन आणि टॅब मोजणीतून वगळून ठेवतो, नाहीतर स्वतःच्याच माणसांच्या फेऱ्या गिऱ्हाइकांत मिसळतात. नव्या आवृत्तीत ती वगळणी पुसली गेली. सकाळी आफरीनने आकडे उघडले तर मिरजेतूनच कोणीतरी रोज येताना दिसत होतं. दुपारच्या नमाजानंतर यायचं, काही विकत घ्यायचं नाही. एकेक तंबोरा उघडायचा, घोडीचा फोटो मोठा करून बघायचा, लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचे, आणि जायचं. गावातला कोणी दुसरा वाद्यवाला आपला माल चोरून बघतोय असं तिला वाटलं आणि थोडं हसूही आलं. तिने बाजूच्या रकान्यात पाहिलं. गट सात.

मग तिला कळलं की तो शेडमधला टॅब आहे. जेवण आणि नमाज झाल्यावर मुबारक भिंतीला टेकून बसायचा आणि आपण केलेल्या वाद्यांचे फोटो बघायचा. लोकांनी काय लिहिलंय ते पुन्हा पुन्हा वाचायचा. त्या वेळी त्याला कोणी हाक मारत नसे.

ती उठून शेडच्या दाराशी गेली. मुबारक घोडी चिमट्यात धरून कानस चालवत होता. हात स्थिर होता. तिला फार हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की हर्डीकरांचाही हात स्थिरच होता.

पुढचे दिवस ती भावाला चोरून बघत राहिली. चालताना त्याचा डावा हात अंगाला चिकटून असायचा. शर्टाच्या बाहीचं बटण लावताना तो भिंतीकडे तोंड करायचा. जेवताना शमीमभाभी हसत हसत म्हणाली की आजकाल हे इतकं अत्तर चोपडतात की मशिदीत शेजारचा माणूस सरकून बसत असेल. मुबारकही हसला. मला तर काहीच जाणवत नाही, म्हणाला. आफरीनने ताटावरची नजर वर केली नाही. एकदा शेडमध्ये पॉलिशसाठी तापवलेला चपडा करपला, सगळे कारागीर नाकाला रुमाल लावून बाहेर आले, आणि मुबारक आत शांतपणे काम करत राहिला.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. ती एकटीच डॉक्टर संजीवनी आरवाडेंकडे गेली आणि भावाचं नाव न घेता सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. यंत्राचा अंदाज म्हणजे निदान नव्हे, त्या म्हणाल्या, पण असा अंदाज पुष्कळदा खरा ठरतोय हेही त्यांना माहीत होतं. त्या व्यक्तीला घेऊन या, तपासू. काही निघालं तर चालायला, व्यायाम करायला सांगू. आफरीनने विचारलं की त्याने आजार थांबेल का. नाही, पण कदाचित थोडा सावकाश येईल. आणि सांगितलं नाही तर?

“तर त्यांना कळायचं तेव्हा कळेल,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही कोणता त्रास आधी द्यायचा एवढंच तुमच्या हातात आहे. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला सांगता येणार नाही.”

आफरीनने घरी येऊन भावाला रोज पहाटे फिरायला जायचा आग्रह सुरू केला. आपल्यालाच डॉक्टरांनी सांगितलंय आणि एकटीला जायला नको वाटतं, असं कारण दिलं. तो यायला लागला. दर्ग्यापर्यंत आणि परत. ती मुद्दाम वेगाने चालायची आणि तो मागे राहिला की चपलेचा पट्टा नीट करायला थांबायची.

तेवढं तिला करता आलं. दुसरं एक करता येण्यासारखं होतं, तेही तिने केलं. पारख बंद करून टाकलं.

बंद करताना तिने स्वतःला सांगितलं की जग सुधारणं आपल्या हातात नाही, पण आपल्या भावाच्या नावाचं दुकान तरी या माणसांच्या बोटांवर चालणार नाही. आणि शेडमधल्या त्या टॅबवर कोणाची नजर राहणार नाही. दोन दिवस तिला शांत झोप लागली.

मग ऑर्डरी आटल्या. तिला वाटलं होतं की सातव्या गटाची जातील, बाकीच्यांची राहतील. पण सगळे गट पारखच सांभाळत होतं. कोणाला आवाज ऐकवायचा, कोणाला कारागिराचा फोटो दाखवायचा, हे तिला स्वतःला आता आठवत नव्हतं. वेबसाइट तीच होती, पण कोणी आलं की तिला त्याच्याशी काय बोलावं हे सुचत नव्हतं. दिल्लीचं आणि कोलकात्याचं दुकान पारख वापरतच होतं. सातव्या गटातली माणसंही कुठे गेली नव्हती. ती तिकडे तारा घेत होती.

तिने जुन्या साधनांवरून पुन्हा सगळं जुळवायचा प्रयत्न केला. रात्रंदिवस पानं बदलली, मजकूर बदलला. काही जमलं नाही. शेडमध्ये तयार तंबोरे भिंतीला टेकून उभे राहायला लागले. नव्या दोन कारागिरांपैकी एकाने, यासीनने, दुसरीकडे काम बघू का म्हणून विचारलं. मुबारकने त्याला थांब म्हटलं आणि दुपारी बहिणीच्या खोलीत येऊन बसला. तो सहसा तिच्या कामात बोलत नसे.

“यंत्र बंद केलंस असं यासीन म्हणतो.”

ती हो म्हणाली.

“का?”

तिने ठरवून ठेवलेलं उत्तर दिलं. गिऱ्हाइकांची फसवणूक होते, गरज नसताना लोक तारा घेतात, ते तिला बरं वाटत नाही. मुबारकने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला की गरज नसताना माणूस तारा घेत नाही. वाजवणाऱ्याला काहीतरी खुपत असतं म्हणूनच तो येतो. आता मलाच बघ, गेले काही महिने कानस हाताला बसत नाही. नव्या पोलादात पूर्वीचा दम नाही. मी तीन बदलल्या. मला कोणी फसवलं का?

आफरीन त्याच्याकडे बघत राहिली. तो अगदी साधेपणाने बोलत होता.

“खरं कारण सांग,” तो म्हणाला. “तू असं उगाच करणारी नाहीस. काही चुकीचं घडलं असेल तर माझ्यापासून लपवू नकोस. मी आहे ना.”

तिला वडील गेले तेव्हाचा तो आठवला. हाच स्वर होता. सांगावं, सगळं सांगून टाकावं, आणि मग त्यानेच काय ते ठरवावं, नेहमीसारखं, असं तिच्या ओठांवर आलं. डोळ्यांसमोर हर्डीकर आले, हात पुढे धरून बसलेले. मुबारकच्या मागे, उघड्या दारातून, शेडमधली त्याची बसायची जागा दिसत होती. अर्धी झालेली एक घोडी चिमट्यात तशीच होती.

“काही नाही, भाई,” ती म्हणाली. “माझंच डोकं फिरलं होतं.”

तिचं उत्तर त्याला पटलेलं नव्हतं, पण तो कधी तिच्या मागे लागत नसे. मग त्याने विचारलं की आता पुन्हा चालू करता येईल का. येईल, ती म्हणाली. मालकाची संमती लागते, नव्याने. त्याने खुर्ची जवळ ओढली. मालक म्हणून कागदोपत्री त्याचंच नाव होतं आणि जिथे सही करायची तिथे तो स्वतः करायचा, तिच्यावर कधी ढकलायचा नाही.

तिने पारखचं पान उघडलं. अटींचा लांबलचक मजकूर होता, खाली संमतीची छोटी चौकट. मुबारकने चष्मा चढवला. अटी वाचतोय असं दाखवत दोन-तीन ओळी वाचल्या आणि बोट पुढे केलं.

बोट चौकटीच्या बाजूला टेकलं. काही झालं नाही. त्याने बोट उचललं, पुन्हा आणलं, ते चौकटीच्या वर येऊन थबकलं, जणू खाली कसं जायचं हे त्याला आठवत नव्हतं. मुबारकने बोट मागे घेतलं, शर्टाला पुसलं, काचेकडे बारकाईने बघितलं. त्याच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. आफरीनने ती पाहिली. आणखी एकदा चुकलं तर तो काचेला दोष देणार नाही, हे तिला त्या आठीवरून समजलं.

“सरक, भाई,” ती हसून म्हणाली. “ही काच खराब झालीय. माझंच ऐकते फक्त.”

तिने त्याचा हात बाजूला करून आपल्या हातात धरला, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या नावाने संमती दिली.

पान क्षणभर फिरलं. मग एकेक गट उघडत गेला, नकाशावर ठिपके उमटायला लागले. “आलं का?” मुबारकने विचारलं. “आलं,” ती म्हणाली. तो समाधानाने उठला, यासीनला कुठे जाऊ नकोस म्हणून सांगायला शेडकडे निघाला. जाताना त्याचा डावा हात हलत नव्हता. आफरीन पडद्याकडे तोंड करून बसून राहिली. पहिली ऑर्डर आली. जळगावच्या कोणा बाईंची, नख्यांची, जाड.